गोधडीचा हातमोजा

दौंडला नोकरीला असताना संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर एक माणूस रोज दिसायचा. रेल्वेत खलाशी, अंगात निळे कपडे. नाव कधी विचारलं नाही. गोधडीचे तुकडे शिवून केलेला हातमोजा घालून तो उकिडवा बसायचा आणि त्याची दहा-बारा वर्षांची लेक समोरून, हात खालून फिरवून, सॉफ्टबॉल टाकायची. त्या रविवारी पुण्याला तिची निवड चाचणी होती.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी कट्ट्यावर पोरांचं टोळकं बसलेलं. त्यातला एक ओरडला, "मामा, पोरीला भाकरी थापायला शिकवा की!"

मुलीचा चेंडू भरकटला. माझं डोकं तापलं. पण खलाशी आधीच उठला होता. त्यानं हातमोजा त्या बोलणाऱ्याच्या हातात कोंबला.

"बस हितं. एक झेलून दाखव."

तो हसत उकिडवा बसला. चेंडू सणसणत आला, तसा तो तोंड फिरवून आडवा झाला. टोळकं खिदळलं. खलाशी हसला नाही.

"ऊठ. तिचा वेळ चाललाय," म्हणत त्यानं हातमोजा हिसकावला, सुजलेला तळवा आत घातला आणि पुन्हा उकिडवा बसला.

"टाक गं. माझ्याकडं बघून टाक."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बहिणीला चौथीतूनच घरी बसवलं. तिच्यासाठी असं कुणी उकिडवं बसलं नाही, याचा राग मला आजही येतो.