यादीतलं नाव

ब्रॉनविनचा फोन वाजला आणि पलीकडून कोणी "तुमचं नाव यादीत आहे" म्हणालं, की ती हातातलं काम ठेवून उभी राहायची. बसून ते बोलणं तिने कधी केलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या शेपार्टन गावात तिच्या कुंपणाला लागून माझं घर, त्यामुळे तिचं पुढचं वाक्य मलाही पाठ झालं होतं. "मला त्याविषयी बोलायची परवानगी नाही."

एवढं बोलून ती फोन ठेवायची नाही, गप्प उभी राहायची. समोरच्याने त्या गप्पपणातून काय ते ओळखावं, अशी तिची आशा. शहाणी माणसं ओळखायची. बाकीचे "हॅलो? हॅलो?" करून फोन ठेवायचे आणि आपल्या हाताने गळ्यात धोंडा बांधून घ्यायचे.

धोंडा म्हणजे कुत्र्यांना आंघोळ घालायचा निळा ट्रेलर. कंपनीला पैसे भरून तिचं नाव आणि एक इलाखा विकत घ्यायचा, गाडीमागे तो ट्रेलर लावून दारोदार कुत्री धुवायची, आणि गिऱ्हाईक येवो न येवो, दर आठवड्याला कंपनीला ठरलेली फी द्यायची. ब्रॉनने शेपार्टन घेतलं. नवरा ग्रँट म्हणाला होता, "घे गं बिनधास्त, मी आहे ना!" घरावर कर्ज काढलं. तिची सही वाळायच्या आत कंपनीने नदीपलीकडचं मूरूप्ना दुसऱ्या कोणाला तरी विकलं. दोन निळे ट्रेलर एकाच पुलावरून समोरासमोर जायचे आणि एकाचंही पोट भरेल इतकी कुत्री गावात नव्हती. त्या दिवसांत ग्रँट कधी मदतीला दिसला असेल तर शपथ.

आधी घर गेलं, त्याच घरात ती भाड्याने राहू लागली, मग लग्न गेलं. उरलेल्या वर्षांची फी माफ करताना कंपनीने तिच्याकडून लिहून घेतलं, की धंद्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढणार नाही. आणि कायदा पाहा कसा! इलाखा घ्यायला आलेल्या नव्या माणसाला कंपनीने सही करण्याआधी सगळी माहिती द्यायची, त्यात सोडून गेलेल्यांची नावं आणि फोन नंबरसुद्धा. म्हणजे नंबर वाटायचा आणि तोंड शिवायचं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याने, बस्टरने, एकदा कडकडून चावावं, असं मला मनापासून वाटतं.

घटस्फोटातही तोच मासला. त्यांची मुलगी टिली नऊ वर्षांची, एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाप आणि त्याची नवी जोडीदार मॅडी यांच्याकडे. आईबापांनी बोलायचं ते मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमधून, आणि तेही फक्त मुलीबद्दल. दम्याचा पंप, शाळेची टोपी, दातांच्या डॉक्टरची वेळ. लिहिलेलं पुसायची सोय नाही. मुलीसमोर एकमेकांबद्दल वाईट बोलायचं नाही. आणि समुपदेशक बाईंनी वर आणखी एक नियम घातला, या घरातलं त्या घरात न्यायचं नाही.

टिलीला हा नियम म्हणजे शिक्षाच. पोरगी जन्माची बडबडी. कुंपणावर हनुवटी टेकायची आणि माझ्याशी सुरू व्हायची. "नोलीन, डॅडच्या मॅडीने केक जाळला! नोलीन, आम्ही शाळेजवळ घर घेणार आहोत, मॅडीच्या पैशांनी. माझ्या खोलीला पिवळा रंग!"

"टिली, तिकडचं तिकडेच," आतून ब्रॉन ओरडायची.

"बोलू दे की गं. केक जळला म्हणून काय राज्य बुडालं?"

"नियम आहे, नोलीन."

नियमांना चिकटून राहिलं तर टिली आपल्याजवळ राहील, असं ब्रॉनने मनाशी पक्कं धरलं होतं. तिच्याजवळ तेवढीच तर उरली होती. मी वाद घालायची नाही, पण ते पोर मध्येच ओठ दाबून गप्प व्हायचं तेव्हा माझा जीव तुटायचा.

इस्टर नुकताच झाला होता. ब्रॉन माझ्या अंगणात बस्टरला धूत होती, म्हणजे पैसे न घेता, जुन्या सवयीने. हात साबणाचे, म्हणून फोन आला तेव्हा तिने कोपराने स्पीकर लावला.

"तुझं नाव यादीत आहे," बाईचा आवाज आला. ब्रॉन उभी राहिली. "ब्रॉन, मी मॅडी. ग्रँटची मॅडी."

"टिलीला काही झालं का?"

"नाही, नाही! शेपार्टनचा ट्रेलर पुन्हा विकायला निघालाय. आईचं घर विकून आलेले पैसे आहेत माझ्याकडे. ग्रँट म्हणतो, आधी हे घेऊ, त्या कमाईतून मग घर. म्हणतो, धंदा सोन्यासारखा होता, तूच आळस केलास. खरं काय आहे गं?"

मी हातवारे करून ब्रॉनला म्हणत होते, सांग, सांगून टाक.

"मला त्याविषयी बोलायची परवानगी नाही."

मॅडीने आवाज खाली आणला. मग हळूच म्हणाली, "आणि ग्रँटविषयी?"

"त्याविषयीही नाही."

दोघी गप्प. बस्टरने अंग झाडलं, पाणी माझ्या तोंडावर उडालं, तरी मी हलले नाही. ओळख गं बाई, ओळख, एवढंच माझ्या मनात.

"ग्रँट म्हणालाच होता, तू मदत करायची नाहीस," असं म्हणून मॅडीने फोन ठेवला.

मी ब्रॉनवर भडकले. "मिठाची गुळणी धरून काय मिळवलंस? तिचे पैसे बुडाले तर टिलीची पिवळी खोलीही बुडाली, कळतंय का?"

"आणि बोलले तर कंपनी राहिलेली सगळी फी मागेल. मग टिलीला घेऊन मी कुठे राहू? तुझ्या कुत्र्याच्या घरात?"

दोन दिवसांनी ती स्वतःच मोबाइल नाचवत आली. आईबापांच्या त्या अ‍ॅपमध्ये तिने ग्रँटला लिहिलं होतं, "टिलीच्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे. मॅडीला ट्रेलर घेऊ देऊ नकोस. काय झालं होतं ते तुला माहीत आहे."

"हे धंद्याबद्दल नाही," ती म्हणाली, "टिलीबद्दल आहे. टिलीबद्दल लिहायची परवानगी आहे मला." कित्येक महिन्यांनी ती हसली होती. मलाही वाटलं, वा! पोरीने बरोबर फट शोधली.

कसली फट आणि कसलं काय. ग्रँटने तो निरोप मॅडीला दाखवला, "बघ, कशी जळतेय." मग कंपनीच्या विक्रीवाल्यालाही पाठवला. त्या विक्रीवाल्याचा मधाळ फोन आला, "ब्रॉनविन, या खेपेला सोडून देतो. पुढच्या खेपेला वकील बोलतील." ग्रँटचं उत्तर अ‍ॅपमध्येच आलं, "कृपया इथे फक्त टिलीविषयी लिही." कायद्याने मॅडीला विचार करायला दोन आठवडे मिळाले. तिने ते ब्रॉन किती जळकी आहे याचा विचार करण्यात घालवले असतील. मग सही केली.

हिवाळ्यात एका रविवारी ग्रँट टिलीला सोडायला आला तो निळा ट्रेलर मागे लावूनच. शेजारी मॅडी बसलेली, तिने मान वर केली नाही. तो चेहरा मी ओळखला. आमच्या ब्रॉनचा पूर्वी तसाच असायचा. टिलीच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, हात शांपूने लालभडक झाले होते.

ब्रॉनने पोरीला मागच्या पायरीवर बसवून व्हेजिमाइटचा खारट थर लावलेला टोस्ट दिला, ते लाल हात टॉवेलात गुंडाळून चोळले. आणि मग तिच्याने राहवलं नाही. मी कुंपणापाशी होते, तरी तिने सगळे नियम गुंडाळून ठेवले.

"टिली, कसं चाललंय गं तिकडे? गिऱ्हाइकं येतात का? शाळेजवळच्या घराचं काय झालं? मॅडी रडते का? सांग ना राणी, मी कुणाला काही म्हणणार नाही."

टिलीने टोस्ट खाली ठेवला आणि उभी राहिली.

"मला त्याविषयी बोलायची परवानगी नाही," ती म्हणाली.

मग आत गेली नाही की पुन्हा बसलीही नाही. तशीच गप्प उभी राहून, आई ओळखते का, हे बघत राहिली.