धुराच्या वासाचं दूध

कुंदा, मी निघाले त्या दिवशी सिन्नरच्या स्टँडवर तू नव्हतीस. तुझ्या सासरहून निरोप आला, घरी पाहुणे आहेत. आई मात्र आली होती, पदराखाली तुपाची बरणी धरून. सुधीरने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "आई, याला धूर लागलाय." डेअरीतला माणूस, त्याचं नाक कधी सुट्टीवर जात नाही. आई म्हणाली, "चुलीवरचं हाय जावईबापू, धूर लागायचाच." बरणी माझ्या पिशवीत गेली, आम्ही मुंबईच्या गाडीत बसलो आणि सख्ख्या बहिणीला न भेटताच मी आफ्रिकेला आले.

व्हिडिओ कॉलवर सगळे एकच विचारतात, सिंह दिसतात का. भाऊजी फोन धरून विचारतात, तू मागे उभी राहून हसतेस. सिंह नाही गं, पत्र्याची दुकानं दिसतात. नैरोबीपासून अडीच-तीन तासांवरचं हे मासाई लोकांचं बाजाराचं गाव. गुरांवर जगणारी माणसं, अंगावर लाल चौकडीची चादर आणि हातात मोबाईल. एमआयडीसी वाढत होती तेव्हाचं सिन्नर आठव. काल गाई चरत होत्या तिथे आज तारेचं कुंपण आणि प्लॉट विकायची पाटी. बाजाराच्या दिवशी बैल, शेळ्या, सिमेंटच्या गोण्या आणि भाड्याच्या मोटारसायकली एकाच रस्त्यावर घुसतात. फोनवरून पैसे पाठवायच्या टपऱ्या तर आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांहून जास्त.

आम्ही आलो तेव्हा सुधीरचा दूध थंड करायचा प्लांट अजून बांधला जात होता आणि दुधाचा धंदा बायकांकडे होता. गाई नवऱ्याच्या, पण दूध बायकोचं, अशी इथली जुनी रीत. सकाळी गाड्यांच्या थांब्यावर त्या ओळीने बसायच्या. त्यांच्यातलीच नासेरियन माझ्याकडे रतीब घालू लागली. सगळे तिला मामा सिमालोई म्हणायचे, म्हणजे सिमालोईची आई. इथे आईलाच मामा म्हणतात. पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही.

तिचं दूध वाळलेल्या भोपळ्याच्या भांड्यात असायचं. धुतल्यावर त्यात जळतं लाकूड फिरवून भांड्याला धुरी द्यायची, ही त्यांची स्वच्छता. धुराचा वास नाही ते दूध आळशी बाईचं. त्या दुधाचा पहिला चहा केला आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. आपल्या चुलीपाशी बसल्यासारखं वाटलं.

या दुधावर नासेरियनने सिमालोईला बोर्डिंगच्या शाळेत ठेवलं होतं. तिचं स्वतःचं लग्न शाळेच्या वयातच झालेलं, गाईंच्या बदल्यात. मला मोडकी स्वाहिली, तिलाही मोडकीच, पण एकदा ती स्पष्ट बोलली होती, "दूध माझं आहे तोवर मुलगी माझी आहे."

मग प्लांट सुरू झाला. थांब्यावर सुटं दूध विकायला परवाना लागेल असं जाहीर झालं आणि बायकांची ओळ उठली. पहिल्या दिवशी नासेरियन नव्या कॅनमधून दूध घेऊन फाटकावर आली. मोठ्या ठिकाणी द्यायचं म्हणून कॅनला तिने चांगली धुरी दिली होती. सुधीरने वास घेतला आणि दूध परत केलं. तिला वाटलं, धुरी कमी पडली. दुसऱ्या दिवशी तिने दुप्पट दिली. पुन्हा परत. तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली आणि मी तिला सांगितलं की इथे धुराचा वास म्हणजे खराब दूध. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला घाणेरडी म्हटलं होतं. तिथून पुढे ती कॅन साबणाने धुऊ लागली.

दूध पास झालं, पण प्लांटचा सभासद गाईंचा मालकच, म्हणजे तिचा नवरा. पैसे महिन्याच्या शेवटी त्याच्या फोनवर. मी सुधीरशी भांडले. तो म्हणाला, "नियम मी केलेला नाही." खरंच त्याने केलेला नाही. तरी माझा राग कमी झाला नाही.

कुंदा, हे मी तुलाच का लिहितेय ते तुला केव्हाच कळलं असेल. आईची कॅन, सकाळची एसटी, सिन्नरमधली रतिबाची घरं. त्यावर मी पंचवटीत खोली घेऊन कॉलेज केलं आणि अण्णांना एका शब्दानं विचारावं लागलं नाही. मग गावात डेअरीचं संकलन केंद्र आलं. आईची पायपीट वाचली म्हणून सगळे खूश, मीसुद्धा. खातं अण्णांच्या नावावर. त्या वर्षी तू दहावीला होतीस. दुधाचे पैसे ट्रॅक्टरकडे गेले आणि तुझं लग्न ठरलं. आई एवढंच म्हणाली, "आता माझ्या हातात काय हाय?" बायका म्हणतातच असं, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

इथे नवऱ्याने मोटारसायकल घेतली. शाळा उघडली, सिमालोई घरीच. फी आम्ही भरतो असं मी म्हटलं, सुधीरही लगेच तयार झाला, आणि रविवारी आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. पोरगी नव्हती. डोंगरापलीकडच्या कोणा माणसाकडे तिला दिली होती. नासेरियन झोपडीच्या दारात बसली होती, उठली नाही. मला तिने चहा विचारला नाही आणि मला त्याचं बरं वाटलं. अंगणात नव्या गाई बांधल्या होत्या. त्यांचंही दूध आता प्लांटला येतं. सुधीर तपासतो. वास अजिबात नाही, फॅट चांगलं.

दिवाळीत आले तेव्हा तू गॅसवर चहा केलास. गोठ्यात दोन म्हशी, दूध डेअरीला, तुझी वैष्णवी दहावीत. मी म्हटलं, हिला नाशिकला पाठव, पैसे मी तुझ्या फोनवर टाकते. तू कप विसळता विसळता म्हणालीस, "माझ्याकडं कुठं फोन हाय ताई, ह्यांचाच हाय तो." तुझ्या आवाजात जराही तक्रार नव्हती. त्याचाच मला जास्त त्रास होतो. म्हणून हे सगळं कागदावर लिहिलंय. वैष्णवीच्या हातात पडेल असं बघ.

आईची ती बरणी अजून माझ्या फडताळात आहे. वास कधीच गेला. इतकी वर्षं घर म्हटलं की मला तोच वास यायचा. आता घर म्हटलं की मी तो नंबर लावते, 'कुंदा' असं नाव घालून ठेवलेला. दोन रिंगा जातात आणि पलीकडून भाऊजी विचारतात, "बोला ताई, काय काम होतं?"