कुसुमवन्संना फटफटीत बसवायचं होतं

फटफटीवर लांब जायचं ठरलं की आमची सई, म्हणजे माझी नात, आधी मोबाइलवर नकाशा उघडते. मी आधी विचारते, खायला काय घेतलंस? ती लेह-लडाखपर्यंत जाऊन आली, तंबूत राहिली, फोटो टाकले, लोकांनी वाहवा केली. मी म्हटलं, अगं, यात नवीन काय? मी पण गेले होते. इंदूरहून ग्वाल्हेर, फटफटीवर, तंबू घेऊन, आणि तेही नऊवारीत. ती हातातला चहा तसाच धरून बघत राहिली. मग म्हणाली, आजी, तू बोल, मी टाइप करते. मी तिसरी शिकलेली बाई. तर जसं आठवतं तसं सांगून राहिले, गोड मानून घ्या.

तेव्हा मध्यभारत राज्य होतं. मोठी मजेची गोष्ट होती, सरकार अर्धं वर्ष इंदूरला आणि अर्धं ग्वाल्हेरला. थंडी आली की सचिवालयाच्या फायली, पेट्या, बाबू लोक, सगळी वरात ग्वाल्हेरला निघायची. आमच्या कुसुमवन्संचे यजमान माधवराव सचिवालयात क्लार्क. म्हणून वन्संपण दरवर्षी बिऱ्हाड उचलायच्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, पण माझ्याच वयाची. विशीची पण नव्हती. इंदूरला मल्हारगंजच्या घरात आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, आणि सासूबाई ओरडायच्या, "नणंद-भावजय आहात की बहिणी?"

आमचे हे होळकरांच्या फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. फौज विलीन झाली तेव्हा घरी आले, आणि मल्हारगंजच्या गल्लीत दुकान टाकलं. मग एकदा लिलावात फौजेतली एक मोडकी फटफटी घेतली, साइडकारवाली. सहा महिने तिच्याशी भांडून तिला चालती केली. त्या साइडकारला आम्ही डोली म्हणायचो. मी पहिल्यांदा डोलीत बसून राजवाड्यापर्यंत गेले तेव्हा इतकी हसले की पदर तोंडात कोंबावा लागला.

माघात वन्संचं कार्ड आलं. "वहिनी, अंगात कसर असते, खोकला जात नाही. दादाने फटफटी घेतली म्हणे. मला त्या डोलीत बसायचंय. होळीच्या आधी या, तंबू पण आणा, तलावाकाठी राहू." आणि त्याच टपालात माधवरावांचं बंद पाकीट, ह्यांच्या नावाचं. डॉक्टर छातीचं दुखणं सांगतात, दिवसेंदिवस खंगत चालली आहे, जमेल तितक्या लवकर या.

सासूबाईंनी दोन्ही पत्रं वाचून घेतली आणि बस एवढंच म्हणाल्या, "माझ्या पोरीला त्या डोलीत घालून घरी आणा." आगगाडीने आणायचं तर दोनदा बदलायचं, भिडीत उभं राहायचं. डोलीत निदान गादी टाकून टेकता येईल. ह्यांनी उलट टपाली कार्ड टाकलं, शुक्रवारी पोचतो.

आता खरी गोष्ट इथे सुरू होते. शुक्रवारी पोचायचं तर बुधवारी निघायला हवं, आणि आमच्यात लेकीकडे बुधवारी निघत नाहीत. जाशील बुधी तर येशील कधी. सासूबाई अडून बसल्या. मग तोड निघाली ती प्रस्थानाची. सईला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल. म्हणजे काय, की चांगल्या दिवशी आपल्या सामानातलं एक गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. बस, प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष दुसऱ्या दिवशी निघा, वाटेत ते गाठोडं उचला. एकच अट, एकदा निघालं की मागे वळून घरात पाय ठेवायचा नाही.

तर मंगळवारी संध्याकाळी गाठोडं शेजारच्या यमुनाकाकूंकडे ठेवलं. त्यात तांदूळ, सुपारी, नारळ, आणि सासूबाईंनी वन्संसाठी घेतलेली हिरवी साडी.

बुधवारी उजाडता निघालो. काय सांगू तुम्हाला! मागे फौजेचा खाकी तंबू, स्टोव्ह, दशम्यांचा डबा, मेथकूट, लसणाची चटणी. दशम्या नक्की घ्या बरं का, दुधात भिजवलेल्या चार दिवस मऊ राहतात, तुमच्या त्या पाकिटातल्या बिस्किटांपेक्षा लाखपट बऱ्या. वारा असा की कानातली कुडी थंडगार. सडकेवरची पोरं ओरडत मागे धावायची. मी त्यांना हात केला. सुनेने असा हात करायचा नसतो, पण बघणार कोण होतं?

देवास आलं, वीस-बावीस मैल. टेकडीवरच्या देवीला खालूनच हात जोडले आणि मला एकदम आठवलं. गाठोडं!

हे म्हणाले, "अरे यार, राहू दे. ग्वाल्हेरात साडी मिळत नाही का?"

"साडीचं नाही हो. प्रस्थान मागे राहिलं म्हणजे आपण निघालोच नाही. मग हा बुधवारच धरला जाईल."

"फटफटी बावीस मैल आली, आणि आपण निघालोच नाही?"

"तुम्ही हसा. मी आईंना काय तोंड दाखवू?"

आजारी माणसाकडे निघालेलं, त्यात अपशकुन नको, एवढंच माझ्या डोक्यात. रडायलाच लागले. त्यांनी गाडी वळवली.

इंदूरला दुपार झाली. घरात जायचं नाही, सासूबाईंना दिसायचं नाही. डोली गल्लीबाहेर ठेवून मी पदर ओढून यमुनाकाकूंकडे गेले, तर दाराला हे मोठं कुलूप. कोणी सांगितलं, बुधवार आहे ना, भजनमंडळाबरोबर खजराण्याला गणपतीला गेल्यात. खजराणा तेव्हा गावाबाहेर, शेतांतून रस्ता. तिथे ही गर्दी, प्रसादाची दुकानं, नारळ, शेंदूर. दोन तास शोधलं तेव्हा काकू एका बाजूला पोहे खाताना सापडल्या.

"अगं बाई! तुम्ही अजून इथंच मरून राहिलात?" काकू म्हणाल्या. "सकाळी मी गाठोडं घेऊन दारात उभी, आणि तुमची फटफटी भर्रकन गेली. हाका मारून घसा बसला. भजनात आवाज निघाला नाही आज, तुमच्यामुळे!"

काकूंना डोलीत घालून गल्लीपर्यंत नेलं, त्यांनी कुलूप उघडून गाठोडं आणून दिलं, तोवर दिवस मावळला. ती रात्र आम्ही परत गावाबाहेर, खजराण्याच्या शेतात तंबू ठोकून काढली. घर इतकं जवळ, आणि आम्ही प्रवासी. मला तर हसूच येत होतं. काकूंना शपथ घातली, सासूबाईंना कळू द्यायचं नाही.

गुरुवारी खरे निघालो. शाजापूरपर्यंत सडक बरी, पुढे गिट्टीची. हाडं खिळखिळी. सई म्हणते आता फोर लेन आहे, तीन तासांत ब्यावरा. आम्हाला अख्खा दिवस लागला. वाटेत एकदा चेन तुटली, ह्यांनी झाडाखाली बसून जोडली, मी तोवर हरभऱ्याच्या शेतातून ओले हरभरे मागून आणले. ब्यावऱ्याला एक आण्यात दोन कप चहा. चहावाल्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कां जई रिया हो, भिया?"

"ग्वाल्हेर."

"नी भिया! इनी पे? ने बई भी?" मग माझ्याकडे वळून, "बई, डर नी लागे?"

मी म्हटलं, "डर काय को? तुम बैठो, तुमको भी घुमा लाते हैं." तो इतका हसला की त्याने चहात वरून मलई टाकली.

तंबूसाठी एक ध्यानात ठेवा. झाडाखाली ठोकू नका, सकाळी पाखरं सगळी शिटून ठेवतात. आम्हाला अनुभव आहे.

शुक्रवारी गुना गेलं, आणि पुढे जंगल दाट झालं. शिवपुरीच्या अलीकडे चौकीच्या शिपायाने अडवलं, पुढे डाकूंचा इलाका आहे, उजेडी जा, तंबू इथेच आवारात लावा. पळस फुलला होता, सगळं रान केशरी. मी एवढी फुलं ओच्यात गोळा केली, वन्संना रंग करायला. होळीला चार-पाच दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी मी स्टोव्हवर खिचडी केली, हे तोंडाने बासरीसारखी शीळ घालत होते, आणि मी म्हटलं, "आपण असंच हिंडत राहावं." आयुष्यात इतकी खूश मी परत कधी झाले की नाही, विचार करावा लागेल.

शनिवारी दुपारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माधवरावांच्या दारात पोचलो. फटफटीचा एवढा आवाज, पण कोणी धावत आलं नाही. माधवराव बाहेर आले, दाढी वाढलेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल दिवसभर ओट्यावर बसली होती हो, वहिनी. शुक्रवारी येणार लिहिलं होतं ना तुम्ही. अंबाडा घातला, शाल घेतली, दुपारचं औषध पण तिथेच घेतलं. आता डोलीत बसून इंदूरला जाणार, म्हणून सगळ्या शेजारणींना सांगत होती. दिवे लागले तसं उठून आत आली, आणि मग ताप जो चढला."

आत वन्संचे डोळे मिटलेले. श्वास चालू होता, बस. मी "वन्सं, मी आले" म्हणत राहिले. ह्यांना काय सुचलं, बाहेर गेले, फटफटी खिडकीखाली आणून चालू केली. बराच वेळ चालू ठेवली. मी वन्संचा हात धरला होता. तो हलला असं मी कुणाला सांगितलं तर खोटं होईल. हलला नाही.

रविवारी सकाळी गेल्या. सासूबाईंची हिरवी साडी मीच नेसवली.

दिवसकार्य होईपर्यंत आम्ही तिथे राहिलो. मग परतीचा तोच रस्ता, तीच गावं. चहावाल्याने विचारलं, बई, ग्वाल्हेर कैसा? मी मान हलवली. हे मला काहीच म्हणाले नाहीत, ना तेव्हा, ना नंतर पन्नास वर्षांत. म्हणाले असते तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं. फक्त शाजापूरला, तंबू गुंडाळता गुंडाळता, बोलले, "आईला सांगायचं, शुक्रवारी पोचलो."

मी म्हटलं, "हं."

"ती बोलली आपल्याशी."

"हं."

कारण खरं सांगितलं तर सासूबाईंना काय कळलं असतं? की त्यांच्याच मुहूर्ताने पोरीची भेट हुकली. आणि माझ्या हट्टाने.

मल्हारगंजला पोचलो तर सासूबाई दारातच होत्या. रडून झालं. पाणी प्यायल्या. मग मला जवळ बसवून विचारलं, "बसली का गं डोलीत?"

मी म्हटलं, "बसल्या. लष्करच्या सडकेवर एक फेरी मारली."

"हसली?"

"खूप."

एवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं. पण त्या दर होळीला विचारायच्या, अजून काय म्हणाली, शाल कोणती होती, लोक बघत होते का. मी एकेक गोष्ट जोडत गेले. वन्संनी पोरांना हात केला, पळसाची फुलं अंबाड्यात माळली, वळणावर "दादा, हळू!" म्हणून ओरडल्या. सासूबाई जाईपर्यंत ती फेरी चांगली दोन मैलांची झाली होती. आज मी डोळे मिटले तर ती सगळी मला दिसते, सडक, धूळ, शाल. यमुनाकाकूंच्या दाराचं कुलूप मात्र पुसट झालंय, आणि तेच खरं होतं.

सई टाइप करता करता थांबली आहे. तुम्ही जा बाबांनो, खुशाल जा, हिंडा, तंबू ठोका, तरुणपणी मन भरून वारा खा. पण कोणी ओट्यावर बसून वाट बघत असेल, तर काही राहिलं म्हणून मागे वळू नका.