फोनचा हिरवा गोल

दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या बाईला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. ते कानातून आत येतात आणि घरी भाजी निवडताना तोंडातून बाहेर पडतात. माझी लेक म्हणते, "आई, तुमच्या ऑफिसात काम कधी चालतं?" अगं, हेच काम! लोकांचं ऐकून घ्यायचं.

आमचं ऑफिस परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. कंपनी मोबाइलच्या अ‍ॅपवरून घरपोच औषधं देते. अ‍ॅप उघडलं की समोरच एक हिरवा गोल होता. त्यावर बोट ठेवलं की फोन आमच्याकडे लागायचा. आम्ही म्हणजे मी वंदना, लालबागची. वरळी कोळीवाड्याची सुवर्णा. आणि आणखी दोघी.

अ‍ॅपवर काय दिसावं आणि काय दिसू नये, हे अनिकेत ठरवायचा. तो प्रॉडक्ट मॅनेजर, वयानं माझ्या भाच्याएवढा. "काकू, एका बाजूला वापरणाऱ्याची सोय, दुसऱ्या बाजूला कंपनीचा फायदा. मी मधे उभा," असं म्हणायचा. खरंच उभा असायचा बिचारा, खुर्चीत बसलेलं मी त्याला फारसं पाहिलंच नाही! त्याला वरून एकच सांगणं होतं, फोन कमी करा. फोन घ्यायला माणूस लागतं, माणसाला पगार लागतो. गोल गेला की आमच्या खुर्च्या जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं. ज्यांना अ‍ॅप जमत नाही त्यांचं काय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

* * *

गिरगावच्या दळवी आजींचा पहिला फोन मला अजून आठवतो. आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशात, त्यानंच मोबाइलमध्ये अ‍ॅप घालून दिलेलं. रक्तदाबाची गोळी संपत आली होती.

मी म्हटलं, "आजी, तुम्हाला आत्ता मेसेज आला असेल. त्यातला ओटीपी टाका."

"आलाय. पण इथं लिहिलंय, हा नंबर कुणालाही देऊ नका."

"बरोबर. मला नका सांगू. अ‍ॅपमध्ये टाका."

"अ‍ॅप कुणाचं?"

"आमचंच."

"मग तुम्हालाच दिला की गं तो!"

सुवर्णानं माझा चेहरा बघून हेडफोन काढला आणि विचारलं, "ताई, कोण गेलं?"

* * *

त्याच आजी दुसऱ्यांदा अडकल्या जन्मतारखेपाशी. तिथं सालाचं एक चाक होतं. ते चालू वर्षापासून सुरू व्हायचं आणि बोटानं मागं मागं फिरवत न्यायचं. तरुण पोरांना दोन झटके पुरत.

आजी फोनवर दमलेल्या. "वंदना, कधीची फिरवतेय गं. देशाला स्वातंत्र्य मिळालेलं मागं गेलं, तरी माझं साल येईना!"

मी अनिकेतला सांगितलं. तो मनापासून हसला, मग गंभीर झाला आणि म्हणाला, "काकू, खरंच बदलायला हवं हे. पण आपले बहुतेक ग्राहक तरुण आहेत. या तिमाहीत नाही बसणार."

आजींच्या वयाला तिमाही म्हणजे काय, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

* * *

मग एके दिवशी गोल लहान झाला. नंतर राखाडी झाला. मग पान पार खाली सरकवल्यावर दिसू लागला. अनिकेत म्हणाला, "काढलेला नाही हं काकू. फक्त थोडा शांत केलाय."

फोन कमी झाले, हे खरं. पण येणारा प्रत्येक फोन लांबला, कारण माणूस आधी नंबर कसा सापडला त्याची कहाणी सांगायचा आणि मग औषधावर यायचा.

कॉटन ग्रीनचे एक काका होते. सगळा जन्म गोदामात माल उतरवून घेण्यात गेलेला. ते ओरडले, "बाई, एवढ्या मोठ्या गोदामात हरवलेली पेटी मी डोळे झाकून काढायचो! आणि तुमचा फोन शोधायला मला नातू शाळेतून यायची वाट बघावी लागली! काय चोरी केलीय काय तुम्ही, लपून बसायला?"

मी सॉरी म्हटलं. आमच्याकडे 'सॉरी'ला बंदी नव्हती, तेवढं बरं होतं.

* * *

आता सुवर्णाचा किस्सा. सुवर्णा मनानं मऊ, आवाजानं मात्र पूर्ण बाजार. फोनवरून घेतलेली ऑर्डर रीतसर 'फोन ऑर्डर' म्हणून लिहिली, तर ती तपासणीत अडकायची आणि औषध दुसऱ्या दिवशी निघायचं. पण आम्हाला आमच्या कम्प्युटरवरून ग्राहकाच्या खात्यात जाता यायचं. तिथून, जणू ग्राहकानंच भरलीय अशी ऑर्डर भरली, की औषध त्याच दिवशी दारात!

सुवर्णा म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला उद्यापर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं?" तिनं सुरू केलं आणि आम्ही सगळ्यांनी उचललं. दळवी आजींची गोळी त्याच संध्याकाळी पोचायला लागली. आजी खूश, आम्ही खूश.

काही महिन्यांनी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. केक होता. अनिकेतनं पडद्यावर एक आलेख दाखवला. रेघ खालून निघून सरळ वर गेलेली. तो भारावून बोलत होता, "सत्तरीच्या पुढचे आपले ग्राहक अ‍ॅप शिकले! आता ते स्वतः ऑर्डर देतात! त्यांना फोनची गरजच उरलेली नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात सुवर्णाच्या. टाळ्या वाजवता वाजवता तिचे हात मंदावले. ती माझ्या कानाशी आली.

"वंदनाताई, ही रेघ आपणच आहोत ना गं?"

* * *

मी त्याच दुपारी अनिकेतला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो वाईट मुलगा नाही, हे मी आजही म्हणेन. त्याचा चेहराच उतरला.

"काकू, हे आता वर गेलंय," तो म्हणाला. "वरच्यांना आवडलंय. आता मी खाली कसं आणू?"

पुढच्या सोमवारी गोल गेला. सुवर्णा आणि त्या दोघी गेल्या. मला चॅटवर उत्तरं टाइप करायला ठेवलं.

सुवर्णानं जाताना डबा पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चालले मी सासूच्या बरोबर मासे विकायला. तिथं गिऱ्हाईक समोर उभं राहून शिव्या घालतं. बरं असतं ते, निदान तोंड दिसतं!"

* * *

गोल गेला, पण जुना नंबर लोकांच्या मोबाइलमध्ये राहिलाच होता. फोन येतच राहिले. तेव्हा असं ठरलं, की त्या नंबरावर रेकॉर्डिंग लावायचं. अनिकेत म्हणाला, "काकू, आवाज तुमचाच हवा. तुमचा आवाज ऐकला की लोक शांत होतात."

मी वाचलं, "नमस्कार, मी वंदना बोलतेय. आता ऑर्डर, बदल, तक्रार, सगळं अ‍ॅपवर." आणि सवयीनं पुढे बोलून गेले, "काळजी घ्या हं." ते लिहिलेलं नव्हतं. अनिकेतनं ते काढू दिलं नाही.

आमचे हे घरी बसून तो नंबर लावायचे आणि म्हणायचे, "माझ्याशी एवढं गोड कधी बोलतेस गं?"

* * *

फोन बंद झाल्यावर जुने ग्राहक तुटू नयेत म्हणून कंपनीनं एक सोय केली. प्रत्येकाची शेवटची ऑर्डर दर महिन्याला आपोआप जाऊ लागली. त्यात दळवी आजी पहिल्या आल्या, म्हणजे एकही महिना न चुकलेल्या ग्राहक. त्यांचा व्हिडिओ करायचं ठरलं.

मी म्हटलं, "अनिकेत, अरे, ते आपोआप जातंय."

"हो काकू. पण त्यांनी बंद तर नाही ना केलं!"

आम्ही गिरगावला गेलो. तो, कॅमेरावाला आणि मी. चाळीचा दुसरा मजला. मी आजींना पहिल्यांदाच बघत होते. एवढीशी मूर्ती, डोळ्यांवर जाड भिंगं. जिना चढून मला धाप लागली होती. मी मागं दाराशी टेकले. अनिकेत त्यांच्या शेजारी बसला.

"आजी, आमच्याकडून औषधं घेताना कसं वाटतं?"

"येतात रे वेळेवर. पण जुनीच येतात. डॉक्टरांनी गोळी बदलली दिवाळीत. ही घेतली की गरगरतं मला. परवा मोरीत पडले." त्यांनी कोपरावरचा काळानिळा डाग दाखवला. "पण घरात आलेलं औषध टाकायचं कसं? घेते."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला. अनिकेतनं विचारलं, "मग तुम्ही कळवलं नाहीत?"

"कळवलं नाही? रोज कळवते! ती वंदना आहे ना, तिला सांगते. गुणाची आहे पोर, पण फार कामात असते. तिचं ती बोलते, मी माझं सांगते. फोन ठेवताना मात्र 'काळजी घ्या हं' म्हणते, न चुकता. थांब, तुझ्यासमोरच सांगते."

त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. खोलीत माझा आवाज आला. आजी मोबाइल तोंडाजवळ धरून मोठ्यानं बोलू लागल्या, "अगं वंदना, ती गोळी..."

मी पुढे झाले, त्यांच्यासमोर खाली बसले, त्यांचा हात धरला. "आजी, मीच वंदना. मला सांगा, कुठली गोळी?"

आजींनी माझा हात झटकला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! थांब गं बाई. वंदना बोलतेय."