बाबांच्या सायकलीचा दांडा

सायकल घ्यायला दुकानात शिरले तेव्हा माझं वय चाळिशी ओलांडून गेलं होतं आणि सायकलीबद्दलची अक्कल नववीत होती तिथेच थांबली होती. माझी नोकरी पवनारला एका पतसंस्थेत, घर वर्ध्यात. बसनं जायचं तर बसण्यापेक्षा बसची वाट पाहण्यातच जास्त वेळ जातो. स्कूटर नवऱ्याला लागते, त्याचं पाइप-फिटिंगचं आणि रंगाचं दुकान आहे. मी सायकलनं जाईन म्हटलं तर तो हसला, आणि तो हसला म्हणून मी त्याच संध्याकाळी सायकल घेतली. माझा स्वभावच तसा आहे. कोणी नको म्हटलं की माझं पक्कं होतं.

दुकानात बारीक टायरच्या होत्या, मधल्या टायरच्या होत्या, गिअरच्या होत्या, बिनगिअरच्या होत्या. मी घेतली सगळ्यांत जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली, आडव्या दांडीची पोपटी सायकल. दुकानदारानं विचारलंसुद्धा, "ताई, कुठी चालवाची हाय?"

"पवनारले."

"मंग डांबरीवर इतके जाड टायर कायले पाह्यजे?"

"छान दिसतात," मी म्हटलं.

नवी सायकल आमच्याकडे तशीच्या तशी दुकानाबाहेर पडत नाही. तिला कॅरिअर लागतं, स्टँड लागतो, घंटी लागते, सीटला झालरीचं कव्हर लागतं. ती सायकल डोंगरदऱ्यांसाठी बनली आहे की भाजी आणायला, हे कोणी पाहत नाही. दांडीवर गुंडाळलेलं प्लास्टिक काढायचं नाही, रंग टिकतो. आणि सीट एवढी खाली, की बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. पाय टेकले म्हणजे माणूस पडत नाही, हे आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे.

पंधरवड्यात माझे गुडघे बोलायला लागले. जाड टायर डांबरीवर घूं घूं करत आणि मला वाटायचं कोणी मागून ओढतंय. ऑफिसात पोचेपर्यंत माझा चेहरा पाहून शिपाई आधी पाणी आणून द्यायचा, मग हजेरी. नवरा रोज विचारायचा, "विकायची का?" विकली असतीही, पण तो विचारत होता ना. मग मीच मोबाइलवर पाहून पाहून शिकले. पॅडल खाली गेलं की त्यावर टाच ठेवायची, पाय सरळ झाला पाहिजे. म्हणजे सीट चांगली वीतभर वर घ्यायची होती. मी ती बोटबोटभर वर नेली, कारण एकदम वर जायची हिंमत नव्हती. मग थांबताना पाय पोचेना. एकदा चौकात केळीवाल्याच्या गाडीला धरून उभी राहिले. तो म्हणाला, "धरा धरा, पण दोन केळी घेऊन जा." महिन्याभरात गुडघे गप्प झाले. मग जाड टायर काढून बारीक, गुळगुळीत टायर घातले आणि ती पोपटी सायकल अशी पळायला लागली, की धाम नदीचा पूल कधी आला कळायचं नाही. जाड टायर मी घरी खिळ्याला टांगून ठेवले. टाकायला जीव झाला नाही.

आता बाबांबद्दल. माझं माहेर रोहण्याचं. बाबांची उमर सत्तरीच्या पुढे. शेत गावापासून पांदणीनं जावं लागतं. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंनी बाभळी आणि बोरीची झाडं असलेला, बैलबंडीच्या चाकोऱ्यांचा मातीचा रस्ता. त्या रस्त्यानं बाबा आयुष्यभर आपल्या काळ्या, उंच, दांडीच्या सायकलीवर गेले. डब्बा हँडलला, फावडं दांडीला बांधलेलं. पोळ्याच्या आधी एक दिवस अंगणातच, पाय मागून टाकून चढताना त्यांचा पाय दांडीवर अडकला आणि ते सायकलीसकट पडले. हाड मोडलं नाही, पण गुडघा आखडला. त्यानंतर पाय तेवढा वर उचलेचना. माझा भाऊ त्यांच्याजवळच राहतो, शेतीही तोच पाहतो. तो म्हणाला, "बस झालं बाबा, आता सायकल नाई. मी मोटारसायकलवर नेत जाईन."

भाऊ वाईट नाही. पण त्याच्या मागे खताची रांग, मुलांची शाळा, हजार कामं. बाबा सकाळी टोपी घालून ओट्यावर बसायचे आणि दुपार व्हायची. मी गेले तेव्हा ते तसेच बसलेले होते. मला म्हणाले, "मी गाठोडं झालो पोरी. कोणी उचललं त गेलो, नाई उचललं त पडून राह्यलो." हसत म्हणाले, पण मला ते सहन झालं नाही. माझे बाबा कोणाच्या मागे बसून शेतात जाणारे नाहीत. भावाशी भांडले, नेहमीप्रमाणे. शेवटी त्यानं एवढंच कबूल केलं, की सायकल द्यायची तर दे, पण पुन्हा एकदा पडले तर ती सायकल मी भंगारात घालीन.

म्हणजे मला अशी सायकल पाहिजे होती, की जिच्यावर पाय उचलायलाच लागणार नाही. त्याच दुकानात गेले. तशी सायकल होती. मधली नळी वाकून थेट पायाशी आलेली, दाराच्या उंबऱ्यासारखी ओलांडली की बसलं. पण ती होती लेडीज. जांभळी, पुढे जाळीची टोपली आणि नळीवर फुलपाखरू.

फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हातारपणी लेडीज सायकल? शाळेतल्या पोरी चालवते तशी? सारं गाव हासन."

"तुमी चालवू नका. माय शिकंन," मी म्हटलं. मायचं वय पासष्ट, तिनं सायकलला कधी हात लावलेला नाही. बाबांनी नुसतं "हं" केलं. पुन्हा नको म्हटलं नाही म्हणजे अर्धं काम झालं होतं.

त्या सायकलीवर मी आणि नवऱ्यानं एक अख्खा रविवार घातला. टोपली काढली. नवऱ्यानं दुकानातला काळा रंग आणून मारला. फुलपाखरू काही निघालं नाही, रंगाखालून त्याचा उंचवटा दिसत राहिला. मडगार्ड काढून टाकले, कारण पावसात पांदणीची काळी माती चाक आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरायचं नावच घेत नाही. ब्रेक हलक्या दाबानंही लागतील असे केले, कारण बाबांच्या मुठीत आता तेवढा जोर नाही. आणि खिळ्यावरचे माझे जाड टायर तिला बरोबर बसले. बाभळीचा काटा त्या टायरला सहसा दाद देत नाही. सीट मात्र मी अगदी खाली ठेवली, दोन्ही तळपाय सपाट टेकतील एवढी. महिनाभर सगळ्यांना सीट वर घ्या म्हणून शिकवत फिरले होते, आणि बाबांना बसवायची वेळ आली तेव्हा आमच्या भागाची जुनी रीतच खरी ठरली. नवरा हसला. या वेळी मीही हसले.

नवऱ्याच्या दुकानाच्या टेम्पोतून सायकल रोहण्याला पोचली. बाबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, टायर दाबून पाहिले, फुलपाखराच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ठेवा तिकळे कोठ्यात." आम्ही ती गुरांच्या कोठ्यात ठेवली आणि परत आलो.

आठवड्यानं मायचा फोन. "चालवून राह्यले तुहे बाबा. रोज जाते शेतात. पण मले एक समजत नाई, माह्या फावड्याचा दांडा कुठी गेला? तुहे बाबा म्हणते मोडला. मोडला त तुकडे दाखवा."

मी आनंदात होते, फावड्याकडे माझं लक्ष नव्हतं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी मी गेले. नवऱ्याला आर्वीला माल पोचवायचा होता, म्हणून टेम्पोत माझी सायकलही टाकली. म्हटलं, बाबांसोबत पांदणीनं जाऊ. टायर बारीकच होते. जाड टायर आता बाबांकडे होते आणि नवे घ्यायचा मी आळस केला होता.

दुपारी उन्हं कलल्यावर बाबांनी कोठ्यातून सायकल काढली आणि मी पाहतच राहिले. सायकलीला दांडी होती. सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत एक आडवा लाकडी दांडा, दोन्ही टोकांना सुतळीनं करकचून बांधलेला आणि वरून काळ्या रंगाचा हात मारलेला. लांबून कोणी पाहिलं तर मर्दाची सायकल, काही संशय नाही.

"बाबा, हे काय?"

"मजबुती," बाबा म्हणाले.

"पण मग पाय कसा टाकता?"

त्यांनी हँडल धरलं आणि पायी चालायला लागले. मीही माझी सायकल हातात धरून मागे. पारावर चार-पाच म्हातारे बसले होते. "पायीच चालले?" एकानं विचारलं. "डॉक्टरनं चालाले सांगतलं," बाबा म्हणाले आणि ताठ मानेनं पुढे गेले. गावाबाहेर कडुनिंबापाशी पोचल्यावर त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, दोन्ही टोकांच्या सुतळीच्या गाठी झटक्यात सोडल्या, दांडा कॅरिअरला लावला, उंबरा ओलांडावा तसा पाय टाकला आणि बसले. मला म्हणाले, "चाल आता. मायले सांगू नको."

हसू कसंबसं आवरून मी मागे निघाले. आणि मग हसू गेलंच. ते असे चालले होते की मला गाठवेना. चाकोरी कुठे खोल, ढेकूळ कुठे, कुठे डावीकडून घ्यायचं, सगळं त्यांच्या अंगात होतं. माझी सायकल बारीक टायरवर उड्या मारत होती, आणि पुढे त्यांची टोपी बोरीच्या फांद्यांखालून जात होती. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

शेतात वांगी तोडली, मिरच्या तोडल्या, बाबांनी तुरीत एक चक्कर मारली. निघताना म्हणाले, "तुले लोक काई म्हणत नाई का? तू मर्दाची सायकल चालवतं."

"म्हणते ना. ऑफिसात सारेच म्हणते."

"मग?"

"मग काई नाई. पोचतो मी वेळेवर."

बाबांनी मिरच्यांची पिशवी बांधली. "तू मर्दाची, मी बाईची. हिशोब बराबर," म्हणाले.

परतीला अर्ध्या पांदणीत माझ्या पुढच्या चाकातून फुस्स आवाज आला. बाभळीचा काटा, बोटाएवढा. मी म्हटलं, "जाऊ द्या, ढकलत नेतो. टेम्पोत टाकून वर्ध्यात काढीन पंक्चर."

"माह्या पांदणीत पंक्चर झाली न् वर्ध्यात काढशीन?" बाबा म्हणाले. "चाक काढ."

माझं पुढचं चाक हातानं निघतं. ते काढून दिलं. बाबांनी कॅरिअरवरचा दांडा उपसला, माझ्या हातात दिला, त्या जागी चाक आडवं ठेवून सुतळीनं बांधलं. "बस इथं बांधावर. पंक्चरवाला घरी जाच्या आत येतो मी."

मला भीती वाटली. मागे चाक लटकलेलं, गुडघा तसला, सूर्य खाली आलेला. पडले तर भाऊ सायकल भंगारात घालणार, यात शंका नव्हती. मी तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला. पडल्यापासून सगळे त्यांना उचलून न्यायला पाहत होते, आज त्यांना कोणाचं तरी काहीतरी न्यायचं होतं. मी फक्त म्हटलं, "हळू जाजा." ते ऐकायला ते थांबले नव्हते.

ते कडुनिंबाच्या पलीकडे गेले तेव्हा मला सुचलं, की दांडा तर माझ्या हातात आहे. पारावर ते सगळे बसलेले असणार. मी बांधावर बसून राहिले, एका बाजूला एकचाकी सायकल, हातात काळा रंगवलेला फावड्याचा दांडा. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबून पाहत होत्या. एकीनं विचारलं, "बाई, साप निंगाला का?"

बऱ्याच वेळानं पांदणीत घंटी वाजली. बाबा आले, घामानं भिजलेले, कुठेही न पडलेले, मागे फुगलेलं चाक. मी चाक बसवलं.

"पारावर होते का कोणी?" मी न राहवून विचारलं.

"सारेच होते."

"मग? हासले?"

बाबांनी टोपी काढून झटकली. "नाई. म्हणे, आज दांडा कुठी राह्यला?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"माहीत व्हतं लेकाच्याईले," बाबा म्हणाले. "पह्यल्या दिवसापासून. निंबापाशी सोडतो, तिथंच बांधतो, सारं पाह्यलं व्हतं. कोणी बोललं नाई." आणि मग त्यांना हसू फुटलं, पोट धरून. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, कारण त्या पारावरच्या माणसांची जीभ मला लहानपणापासून माहीत आहे. त्यांनी इतके दिवस ती आवरून धरली होती, माझ्या बाबांसाठी.

येताना बाबा पुढे होते. कडुनिंबापाशी ते थांबले नाहीत. पारासमोरून जाताना त्यांनी उगाचच दोनदा घंटी वाजवली.

अंगणात पोचलो तेव्हा माय दारातच उभी होती. तिनं माझ्या कॅरिअरवरून दांडा काढून घेतला, खालवर करून पाहिला, नखानं रंग खरवडला. बाबा मोरीवर हात धुवायला वळले.

"रंग कायले देला याले?" माय म्हणाली. "आना ते फावडं. मले वाटलं व्हतं, दिवाळीपर्यंत काई सायकलीवरून सुटत नाई माहा दांडा."