कानबाईच्या नथीवर फोकस

लीलाधर बोरसे जळगावला बांधकाम खात्यात ट्रेसर होता. पारदर्शक कागदाखाली नकाशा ठेवायचा आणि शाईच्या पेनानं तो जसाच्या तसा वर उतरवायचा, हे त्याचं काम. रेघ जरा फाकली तर ब्लेडनं खरवडून पुन्हा ओढणारा माणूस. त्याला नाद होता एकच, फोटोंचा. मस्कतहून परतलेल्या मित्राकडून घेतलेला जपानी कॅमेरा गळ्यात अडकवून रविवारी सकाळी तो मेहरूण तलावाच्या काठी बगळ्यांमागे फिरायचा. त्याची बायको लताबाई म्हणायची, "बगळे काही गाव सोडून चालले नाहीत. आधी भाजी आणून द्या."

एकोणनव्वदच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागली. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरले. पुसून जाणारी ती गोष्ट नव्हती, नवी लेन्स घेणं भाग होतं. कॅमेऱ्याचं सामान विकणाऱ्या मगनभाईंनी काउंटरवर दोन लेन्सा मांडल्या.

"काढायचं काय आहे, ते सांगा आधी."

"सोनगीरला भावाकडे कानबाई बसते. सगळ्या घराचा फोटो काढायचाय. मधल्या घरात उजेड कमी."

"मग ही अठ्ठावीसची घ्या. रुंद बघते. खोली लहान असली तरी माणसं मावतील, आणि पुढचं-मागचं सगळं स्वच्छ येईल. उजेडाला फ्लॅश लावा."

"फ्लॅशनं देवीचा चेहरा चुना फासल्यासारखा दिसतो, मगनभाई."

मगनभाईंनी दुसरी लेन्स पुढे सरकवली. ती पन्नासची होती, तिचं तोंड वाटीएवढं. "ही दिव्याच्या उजेडात पण काढेल. पण हिची खोड लक्षात ठेवा."

खोड लीलाधरला ठाऊक होती. लेन्सच्या आत पात्यांचं एक भोक असतं, डोळ्याच्या बाहुलीसारखं लहानमोठं होणारं. बाहेरच्या कडीवर आकडे असतात. आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. हे उलटं गणित अंगवळणी पडायला त्याला वर्ष लागलं होतं. भोक मोठं केलं की उजेड भरपूर येतो, पण नेम धरला तेवढ्याच अंतरावरचं धारदार उमटतं, पुढचं-मागचं विरघळतं. मासिकांतले असले फोटो पाहून लीलाधर हरखून जायचा. एकच फूल लख्ख, आणि मागे सगळी मखमल. त्यानं पन्नासची लेन्स उचलली आणि ती पुन्हा खाली ठेवलीच नाही.

सोनगीरचं निमित्त साधं नव्हतं. थोरला भाऊ अभिमन तिथे शेती करायचा. आई भिकुबाई आधी त्याच्याकडेच असायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लीलाधरनं तिला जळगावला आणलं. डोळा बरा झाल्यावर अभिमन न्यायला आला, तेव्हा लीलाधर म्हणाला, "राहू दे भाऊ, दोन महिने." त्या दोन महिन्यांची वर्षं झाली. "माय पळाई लई गया," असं अभिमन चारचौघांत बोलला, ते इकडे पोचलं, आणि बोलणं बंद पडलं. कानबाई ही खान्देशातली श्रावणातली देवी, भावाभावांत मिळून एकच बसायची; लीलाधरनं मात्र जळगावच्या खोलीत वेगळा नारळ मांडून वेगळी कानबाई बसवली. म्हातारीच्या जिवाला ते लागून राहिलं. "एक घरन्या दोन कानबाया," ती म्हणायची, "देवीनी कोनकडे देखानं?" शेवटी तिनंच दोन्हीकडे निरोप धाडले, आणि त्या श्रावणात लीलाधर बायको, पोरी आणि आईला घेऊन सोनगीरला गेला.

अभिमननं कसर ठेवली नाही. एसटीच्या थांब्यावर बैलगाडी घेऊन आला, आईचा हात धरून तिला उतरवून घेतलं. रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळाचा मुखवटा, त्याला डोळे, नथ, गळ्यात दागिने. सोमवारी सकाळी विसर्जनाआधी लीलाधर म्हणाला, "सगळ्यांचा एक फोटो काढतो."

बाहेर आभाळ भरलेलं, घरातली वीज गेलेली. अभिमनची बायको पुष्पाबाई देवीशेजारी बसायला निघाली, तर अभिमननं तिला थांबवलं. "आपन घरनाच शेतस. त्यासले बसू दे देवीजोडे." त्यानं आईला आणि लताबाईला देवीच्या दोन्ही अंगाला बसवलं, लीलाधरच्या पोरींना त्यांच्या लगत, आणि स्वतः पुष्पाबाई आणि मुलगा भटू यांना घेऊन मागे भिंतीला टेकून उभा राहिला. नवा फेटा बांधला होता. पुष्पाबाई हसून म्हणाली, "भाऊजी, मना नाकनी फुली दिखाले पाहिजे हां!"

"दिसेल, वहिनी."

लीलाधरनं भोक पुरं उघडलं. कॅमेऱ्यातून पाहिलं. मधल्या बारीक गोलात वस्तू दुभंगलेली दिसते, दोन तुकडे जुळले की फोकस लागला. आता जुळवायचं कोणाला? असा प्रश्नही त्याच्या मनात उठला नाही. समोर देवी असताना नजर आधी देवीवर. त्यानं कानबाईच्या नथीचे दोन तुकडे जुळवले आणि बटण दाबलं. आणखी एक काढायचा त्याचा विचार होता, पण बाया देवी उचलायला सरसावल्या होत्या.

आठवड्यानं प्रिंट हातात आला. लीलाधर दुकानाच्या पायरीवरच उभा राहिला. नथीतला एकेक मोती मोजून घ्यावा. लताबाईच्या पदराची जर, आईच्या गालावरच्या सुरकुत्या, पोरींच्या वेण्यांच्या रिबिनी, सगळं स्वच्छ. आणि मागे धूर. धुरात एक पांढरा गोळा, तो अभिमनचा फेटा. पुष्पाबाईच्या चेहऱ्याला नाकच नव्हतं, मग फुली कुठली?

लताबाईनं फोटो पाहिला आणि हळूच म्हणाली, "अहो, हे तर आपल्याच घराचं चित्र झालं."

"रोल खराब झाला म्हणून सांगतो."

"कानबाईचा फोटो आला नाही म्हणून सांगणार? इतक्या वर्षांनी एकत्र बसवली, आणि देवी फोटोत उतरली नाही? भावकी काय अर्थ काढेल?"

तेही खरंच होतं. फोटो दाखवावा तर अपमान, न दाखवावा तर अपशकुन. पंधरा दिवस त्यानं टाळाटाळ केली. मग भटू बाजाराच्या कामानं जळगावला आला आणि म्हणाला, "काका, आईनं चौकट करून ठेवलीये. खिळासुद्धा ठोकला." त्यानंतर लीलाधरला घरात बसवेना. पुढच्या रविवारी तो एकटा सोनगीरला गेला, बरोबर फोटो आणि कॅमेरा.

अभिमननं ओट्यावर फोटो हातात घेतला. उजेडाकडे धरला, लांब धरला, जवळ आणला. पुष्पाबाई दारातून आली, तिनं पाहिला, आणि आत गेली. आत भांडं जोरात आदळलं.

"आम्ही कोठे शेतस?" अभिमननं विचारलं.

लीलाधरनं लेन्स काढून त्याच्या हातात दिली, कडी फिरवून पाती उघडमिट करून दाखवली. "हे भोक मोठं केलं, म्हणून मागचं असं झालं, भाऊ. मुद्दाम नाही केलं."

अभिमननं स्वतः कडी फिरवली. भोक बारीक झालं, मोठं झालं. "बारीक करता तर आम्ही दिखतूत?"

"दिसला असतात. पण अंधार होता."

"मंग बत्ती लावानी व्हती. नहीतर सांगानं, देवी ओटावर उनी म्हंजे काढूत. बाहेर येवावच व्हती ना ती?"

लीलाधरनं खरं ते सांगितलं. "नवी लेन्स होती, भाऊ. तिच्यानं घरातल्या उजेडात काढून पाहायचा होता."

"आनि मी त्या फोटोसाठे तुना घरले पुढे बसाडं." अभिमनचा आवाज चढला नाही. त्यानं लेन्स परत दिली, वर फोटो ठेवला. "हाऊ तुना घरना फोटो शे. तूच लाव."

"पुढच्या वर्षी ओट्यावर काढू, भाऊ. सगळे नीट येतील."

"पुढला साले कानबाई कोठे बसाडनी, ते देखसूत," अभिमन म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला उठला.

जळगावला पोचल्यावर भिकुबाईनं दारातच विचारलं, "काय म्हने अभिमन?" त्यानं थोडक्यात सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मंग दुसरा काढी दे."

"देवी तेव्हाच पाण्यात शिरवली आई, दुसरा कुठला?"

 जेवण झाल्यावर भिकुबाईनं खुंटीवरची पिशवी काढली, दोन लुगडी घडी करून आत ठेवली, वर डोळ्यांच्या औषधाची बाटली.

"माले सोनगीरले पोचाडी दे."

"आई, त्याचा राग उतरू दे थोडा."

"तो राग फोटोना नही रे, लीलू." पिशवीची गाठ मारायला तिची बोटं चाचपडत होती. लताबाईनं पुढे होऊन गाठ मारून दिली. "तुनाकडे बठ्ठं शे, सगळं शे, त्यानाकडे मी नही. आते मी तठेच ऱ्हासू."

लीलाधरला म्हणायचं होतं, राहू दे, दोन महिने. ते शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले आणि त्याचे त्यालाच ओळखीचे वाटले. 

दुसऱ्या दिवशी त्यानं कचेरीत रजा टाकली. सोनगीरच्या थांब्यावर या वेळी गाडी नव्हती, कारण कळवलंच नव्हतं. मायलेक पायी चालत घरापाशी गेले. अभिमन ओट्यावरून उतरला, आईच्या हातातली पिशवी घेतली, तिला आत नेलं. लीलाधर अंगणात उभा राहिला. आतून आईचा आवाज येत होता, पुष्पाबाईला ती औषधाचे थेंब कसे टाकायचे ते सांगत होती. बराच वेळ गेला. मग भटू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला.

"काका, बसा ना."

"बाबांनी सांगितलं का बसायला?"

पोरगं दाराकडे वळून पाहू लागलं. लीलाधरनं पाणी पिऊन तांब्या त्याच्या हातात दिला आणि परतीच्या एसटीसाठी हमरस्त्याकडे चालू लागला.