बाकावरच्या दोन जर्सी

मी पत्रकं लिहितो. जल-जंगल-जमीन हे शब्द माझ्या प्रत्येक पत्रकात असतात. आणि मोहफुलं कोणत्या महिन्यात पडतात, हे मला माहीत नव्हतं. चंद्रपुरात राहून!

मार्चमध्ये आमच्या कॉलेजची फुटबॉल मॅच होती. कोच म्हातारे, त्याच मैदानावर त्यांची हयात गेलेली. त्यांनी नऊच खेळाडू उतरवले. राखीव पोरं बाजूला उभी होती, तरी बाकावर घडी घालून ठेवलेल्या दोन जर्सी त्यांनी कोणालाच दिल्या नाहीत. आम्ही हरलो. जर्सी कोणाच्या, एवढं मी विचारलं. अहेरीकडच्या दोन गोंड पोरांच्या. बस्स! संध्याकाळी पत्रक तयार : ‘आदिवासी खेळाडूंना डावलणाऱ्या कोचला हटवा!’ ते दोघं भेटले नाहीत, म्हणून मी खुशाल लिहिलं, ‘दहशतीमुळे गप्प आहेत.’

कोचला हटवलं. आम्ही गुलाल उधळला.

नव्या कोचने पहिल्याच दिवशी दोन्ही जर्सी दुसऱ्यांना दिल्या. एप्रिलअखेर ते दोघं मोह वेचून परतले, आपली जागा गेलेली पाहिली आणि कॉलेज सोडून गावी गेले. हे कळल्यावर मी जुन्या कोचच्या घरी गेलो.

“मोह पडते तेव्हा सारं घर जंगलात असते, बाबू. पोट्ट्याले जावंच लागते. अन् जागा गेली तं तो वापस येत नाई. म्हणून मी दरसाल जर्सी ठेवत होतो. हारलो तं हारलो.”

“सर, मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तू इचारलं कुठी? तुले तं हेडिंग सापडलं होतं.”

मी खिशातून माफीचं पत्रक काढलं.

“ठेव ते. अहेरीची बस पकड.”

गेलो. दोघांपैकी एक जण अंगणात तेंदूपानांचे पुडे बांधत होता. मी सगळं सांगितलं, पत्रकासकट. त्याचे हात थांबले नाहीत.

“वापस चल,” मी म्हटलं.

“माही जर्सी कोणाजवळ हाये आता?”

“दुसरा घालतो.”

“चांगला खेळते का?”

“खेळतो.”

“मंग त्याची काऊन काढता?”

त्याने पुढचा पुडा घेतला. मी शेजारी बसलो, चार पानं उचलली. मला पुडाही बांधता येत नव्हता.